शेपटीवर डोळा असलेला मासा

दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन आणि ओरिनोको या नद्यांच्या खोऱ्यांत तुकुनारे नावाचा गोड्या पाण्यातील मासा राहतो. रंगाने सोनेरी-हिरवा, पोटाकडे पिवळसर, पाठीवरून खाली उतरणारे तीन काळे पट्टे आणि शेपटीच्या बुडाशी पिवळ्या कड्याने वेढलेला एक मोठा काळा ठिपका. लांबून हा ठिपका थेट डोळ्यासारखा दिसतो. हल्ला करणाऱ्या प्राण्याला डोके कोणते आणि शेपूट कोणते याचा चकवा बसावा, असा त्याचा उपयोग असावा असे मानतात. व्हेनेझुएलातील लोकांना त्यात मोरपिसाचा डोळा दिसला, म्हणून त्यांनी या माशाला 'पावोन', म्हणजे मोर, हे नाव दिले. पनामात त्याला 'सार्जेंतो' म्हणतात. सार्जेंतो म्हणजे हवालदार. अंगावरचे तीन पट्टे पाहिले की हे नाव अगदी चपखल वाटते. 'तुकुनारे' हे ब्राझीलमधील नाव तिथल्या मूळ रहिवाशांच्या तुपी भाषेतून आलेले आहे. या लेखात आपण तेच वापरू.

हा मासा सिक्लिड कुळातला. या कुळाचे मासे दक्षिण व मध्य अमेरिका, आफ्रिका, मादागास्कर आणि भारत अशा दूरदूरच्या प्रदेशांत आढळतात. गोंडवन भूमीचे तुकडे होण्याशी या वाटणीचा किती संबंध आहे, यावर जीवशास्त्रज्ञांचा वाद अजून मिटलेला नाही. भारतात या कुळाच्या तीनच मूळ जाती आहेत. गोव्यातील खाड्यांमध्ये मिळणारे काळुंदर ही त्यांपैकी एक. केरळात तिलाच करिमीन म्हणतात. आपल्या धरणांमध्ये कोळ्यांच्या जाळ्यात भरभरून सापडणारी चिलापी, म्हणजेच तिलापिया, हीसुद्धा सिक्लिडच; पण ती आफ्रिकेतून आणलेली. तेव्हा तुकुनारे हा आपल्या बाजारात दिसणाऱ्या माशांचा लांबचा भाऊबंद ठरतो.

शास्त्राच्या दप्तरात त्याची नोंद व्हायला एकोणिसावे शतक उजाडले. योहान फॉन स्पिक्स हा बव्हेरियाचा निसर्गशास्त्रज्ञ १८१७ ते १८२० या काळात ब्राझीलमध्ये फिरला आणि प्राण्यांचा मोठा संग्रह घेऊन म्यूनिकला परतला. त्यातील माशांचे वर्णन पुरे होण्याआधीच, १८२६ साली, तो वारला. उरलेले काम लुई ॲगासी नावाच्या एका विद्यार्थ्याकडे आले. हाच ॲगासी पुढे हिमयुगाच्या कल्पनेमुळे जगप्रसिद्ध झाला. या संग्रहातील एका तुकुनारेला 'सिक्ला मोनोक्युलस', म्हणजे एका डोळ्याचा सिक्ला, हे नाव मिळाले. त्याच्या आधी, १८०१ मध्ये, 'सिक्ला ऑसेलारिस' या जातीचे वर्णन झालेलेच होते. या दोन नावांचा घोळ पुढे शंभराहून अधिक वर्षे चालू राहिला. २००६ साली कुलांडर आणि फेरेरा या दोघा अभ्यासकांनी सिक्ला या प्रजातीची नव्याने मांडणी करून तिच्यात १५ जाती असल्याचे दाखवले. जुन्या शोधनिबंधांत जिथे 'ऑसेलारिस' असे छापले आहे, तिथे बरेचदा प्रत्यक्षात 'मोनोक्युलस' होता. नावाचा हा गुंता इथेच सांगून ठेवतो, कारण शिक्षकांनी जुनी पुस्तके उघडली तर त्यांना हमखास दुसरे नाव दिसेल.

आता या माशाच्या स्वभावाकडे वळू. तुकुनारे दिवसा आणि डोळ्यांच्या भरवशावर शिकार करतो. तो प्रामुख्याने मासे खातो. त्याच्या गणातील सर्वांत मोठी जात बारा-तेरा किलोपर्यंत वाढते. गळाला लागला की तो जबरदस्त झुंज देतो, म्हणून गळाने मासे पकडणाऱ्या हौशी मंडळींचा तो फार लाडका. दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्याचा संसार. विणीच्या दिवसांत नराच्या डोक्यावर चरबीचे टेंगूळ येते. मादी एखाद्या दगडावर किंवा बुडालेल्या ओंडक्यावर हजारो अंडी घालते आणि नर-मादी दोघेही त्यांची राखण करतात. पिल्ले बाहेर पडल्यावरही आईबाप कित्येक आठवडे त्यांच्या थव्याबरोबर हिंडतात. आपल्या रोहू-कटल्याचे तसे नाही. ते पुराच्या पाण्यात अंडी सोडून मोकळे होतात. स्वतःच्या पिल्लांना जपणाऱ्या माशाला नव्या पाण्यात मूळ धरायला मोठ्या संख्येची गरज लागत नाही. मूठभर मासे पुरतात.

मोठा होतो, चवीला उत्तम, झुंजार आणि संसारी. मत्स्यखात्याच्या अधिकाऱ्याला याहून अधिक काय हवे? ईशान्य ब्राझील हा दुष्काळी प्रदेश. तिथे पाणी साठवण्यासाठी सरकारने मोठमोठे तलाव बांधले आणि १९३२ मध्ये त्यांत मासे वाढवण्यासाठी एक आयोग नेमला. रोडॉल्फो फॉन इहेरिंग हे त्याचे प्रमुख. माशांना मस्तिष्कग्रंथीचा अर्क टोचून त्यांच्याकडून हवी तेव्हा अंडी घालवून घेण्याची युक्ती त्यांच्याच चमूने विकसित केली. (आपल्याकडे हिरालाल चौधुरी यांनी १९५७ च्या जुलैमध्ये याच मार्गाने भारतीय कार्प माशांचे प्रजनन घडवले आणि देशातील मत्स्यशेतीचा चेहरा बदलला. एका दुष्काळी प्रदेशाची निकड किती दूरवर पोहोचते पाहा!) या दुष्काळी तलावांमध्ये इतर माशांबरोबर तुकुनारेही सोडला गेला. ॲमेझॉन सोडून झालेला हा त्याचा पहिल्या काही प्रवासांपैकी एक. आणि तोही देशातल्या देशात. पुढे हवाई, पोर्टो रिको, पनामा, फ्लोरिडा, मलेशिया, सिंगापूर अशा अनेक ठिकाणी तो पोहोचला. कुठे सरकारने नेला, कुठे हौशी लोकांनी, तर कुठे मत्स्यालयातून तो निसटला.

या सगळ्या ठिकाणांपैकी एकाच ठिकाणी थांबून आपण नीट पाहणार आहोत. ते म्हणजे पनामातील गातून तलाव.

पनामा कालव्याची माहिती आपण भूगोलाच्या पुस्तकात शिकतो. पण कालवा म्हटले की सरळ खोदलेला चर डोळ्यांसमोर येतो, आणि प्रत्यक्षात जहाजांच्या वाटेचा मोठा भाग एका तलावातून जातो. चाग्रेस नदीवरचे धरण १९१३ साली पुरे झाले आणि तिचे पाणी अडून सुमारे ४२५ चौ. कि.मी. क्षेत्राचा, समुद्रसपाटीपासून सुमारे २६ मीटर उंचीवरचा तलाव तयार झाला. आपल्या जायकवाडीच्या जलाशयापेक्षा हा मोठा आहे. जहाजे लॉकच्या पायऱ्यांनी या तलावात चढतात, तो ओलांडतात आणि पलीकडच्या समुद्रात उतरतात. पहिले जहाज ऑगस्ट १९१४ मध्ये अधिकृतपणे गेले.

इथे एक गोष्ट नशिबाने, किंवा कुणाच्या तरी दूरदृष्टीने, आधीच होऊन गेली होती. कालव्याचे खोदकाम चालू असतानाच अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेने त्या परिसरातील प्राणी-वनस्पतींची पाहणी करवून घेतली. सेथ मीक आणि सॅम्युअल हिल्डब्रँड या दोघांनी नद्यानाल्यांत जाळी टाकून मासे गोळा केले आणि १९१६ साली पनामाच्या गोड्या पाण्यातील माशांवर एक सविस्तर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या वेळी तो ग्रंथ कुणाच्या तातडीच्या कामाचा नव्हता. त्याची किंमत पुढे कळली.

सुमारे पन्नास वर्षे तलाव शांत होता. नदीतले मासे तलावात स्थिरावले होते. काठच्या उथळ पाण्यात बोटभर लांबीच्या अनेक जाती थव्यांनी असत. त्यांत चंदेरी अंगाचा, सिल्व्हरसाइड नावाने ओळखला जाणारा मासा सर्वांत जास्त. तो पाण्यातील सूक्ष्म प्लवक प्राणी टिपून खाई. शिवाय टेट्रांच्या कुळातले छोटे मासे होते, आणि आपण डासांच्या अळ्या खाण्यासाठी विहिरीत सोडतो त्या गप्पीचे सगेसोयरेही होते. या छोट्या माशांवर खंड्या, बगळे आणि सुरय पक्षी जगत. समुद्रातून लॉकच्या वाटेने आत शिरणारे टार्पन नावाचे मोठे मासेही त्यांच्यावर ताव मारत.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस टॉमस झॅरेट नावाचा तरुण संशोधक या तलावात काम करू लागला. त्याला माशांपेक्षा माशांच्या घासाचे कुतूहल होते. तलावात सेरिओडाफ्निया नावाची पाण्यातील पिसू असते. जेमतेम टाचणीच्या टोकाएवढी. तिचे दोन प्रकार होते. एकाला छोटी शिंगे आणि लहान डोळा, दुसऱ्याला शिंगे नाहीत पण डोळा मोठा. दुसरा प्रकार भराभर पिल्ले देतो. मग तलावात त्याचेच राज्य का नाही? पिसवेचे शरीर काचेसारखे पारदर्शक असते. पाण्यात दिसतो तो फक्त तिचा काळा डोळा. झॅरेटचा तर्क असा, की मोठ्या डोळ्याची पिसू माशाला चटकन दिसते, म्हणून ती आधी खाल्ली जाते. त्याने पिसवांना काळी शाई पाजली! शाईने आतडे काळे झाले, पिसू ठळक दिसू लागली आणि मासे आता तिलाच वेचून खाऊ लागले. डोळ्याचा आकार हाच जगण्यामरण्याचा प्रश्न होता, हे सिद्ध झाले. आम्हाला विचाराल तर शाळेत सांगण्यासारख्या प्रयोगांमध्ये हा फार वरचा आहे. साधने म्हणाल तर बाटलीभर शाई.

या कामासाठी झॅरेटला तलावाच्या निरनिराळ्या भागांतील छोट्या माशांचा हिशेब ठेवावा लागत होता. आणि नेमक्या याच काळात तलावात तुकुनारे शिरला.

तो कसा आला ही गोष्ट अगदी साधी आहे. चाग्रेसच्या वरच्या खोऱ्यात एका खाजगी तळ्यात, गळाची मौज आणि खाण्याची सोय म्हणून, परदेशातून आणलेली तुकुनारेची बोटुकली सोडण्यात आली होती. तिथून काही मासे निसटून नदीत गेले आणि १९६७ च्या सुमारास गातून तलावात पोहोचले. यात कुणाचा दुष्ट हेतू नव्हता. तलावावर गळ टाकणाऱ्यांना तर घबाडच मिळाले. चार-पाच वर्षांत तुकुनारे तलावाच्या एका भागातून दुसऱ्या भागात सरकत गेला, जणू सैन्याची आघाडी पुढे सरकावी तसा. आघाडीच्या मागे तो होता, पुढे नव्हता.

झॅरेटने संधी ओळखली. त्याच्या जोडीला सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील रॉबर्ट पेन हे परिसंस्थाशास्त्रज्ञ आले. पेन यांचे नाव एका समुद्रताऱ्याशी जोडलेले आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील खडकांवरून त्यांनी एक भक्षक समुद्रतारा सातत्याने उचलून फेकून दिला, तेव्हा शिंपल्यांनी बाकीच्यांना हुसकावून लावले आणि १५ जातींच्या जागी ८ उरल्या. भक्षक काढला की विविधता घटते, हा धडा पेन यांनी १९६६ मध्ये मांडला होता. कमानीचा मधला दगड निघाला की कमान ढासळते, तशी काही जातींची जागा असते, ही कल्पना त्यांचीच. आता गातूनमध्ये उलटा प्रयोग आपोआप घडत होता. भक्षक काढला नव्हता. तिथे कधीच नसलेला एक भक्षक आला होता.

दोघांनी काय केले? तलावाच्या ज्या भागात तुकुनारे पोहोचला होता आणि ज्या फाट्यात तो अजून यायचा होता, अशा दोन्ही ठिकाणी काठावरून ओढायचे जाळे एकाच पद्धतीने ओढले आणि मासे मोजले. शिवाय तुकुनारे येण्याआधीचे आकडे हाताशी होतेच. म्हणजे 'आधी आणि नंतर' अशी एक तुलना, आणि 'इथे आणि तिथे' अशी दुसरी. समजा, नुसती आधी-नंतरची तुलना केली असती, तर कुणी म्हणाले असते की त्या वर्षी पाऊसच कमी झाला होता. नुसती इथे-तिथेची केली असती, तर म्हणाले असते की त्या फाट्यात मुळातच मासे जास्त असतील. दोन्ही तुलना एकच उत्तर देऊ लागल्या की अशा पळवाटा बंद होतात.

उत्तर १९७३ साली 'सायन्स' या साप्ताहिकात प्रसिद्ध झाले. पूर्वी सर्रास सापडणाऱ्या आठ जातींपैकी सहा, तुकुनारे पोहोचलेल्या भागातून नाहीशा झाल्या होत्या. सातवीची संख्या फारच घटली होती. आठवी मात्र वाढली होती! ती होती तिथलीच एक मोठी, वनस्पती खाणारी सिक्लिड जात. तिची मोठी झालेली पिढी तुकुनारेच्या तोंडात मावत नव्हती, आणि तिची पिल्ले खाणारे छोटे मासे तर संपले होते.

पुढचे परिणाम अन्नसाखळीत वर आणि खाली दोन्हीकडे गेले. सिल्व्हरसाइड गेले तसे त्यांच्यावर जगणारे टार्पन, सुरय आणि खंड्या त्या भागात दिसेनासे झाले किंवा विरळ झाले. प्लवक टिपणारा मासाच नसल्याने पाण्यातील सूक्ष्म प्राण्यांची घडण बदलली; म्हणजे झॅरेटच्या पिसवांच्या जगातही उलथापालथ झाली. डासांच्या अळ्या खाणारे मासे गेल्यामुळे डास वाढून हिवतापावर परिणाम होईल का, असा प्रश्नही लेखकांनी उपस्थित केला. तो पुराव्याइतका पक्का नाही, म्हणून आम्हीही तो प्रश्न म्हणूनच इथे ठेवतो. वर्गात अन्नजाळ्याचे चित्र काढताना आपण बाणांनी प्राणी जोडतो. त्या चित्रातील एका बाणाची ओढ किती दूर पोहोचते, हे मोजून दाखवणारी उदाहरणे फार थोडी आहेत. गातून हे त्यांपैकी एक.

मग ॲमेझॉनमध्ये हाच मासा असे का करत नाही? तिथे नदीला दरवर्षी महापूर येतो, जंगलाचा मोठा पट्टा पाण्याखाली जातो आणि छोट्या माशांना बुडालेल्या झाडोऱ्यात लपायला जागा मिळते. पाणी अनेकदा गढूळ असते. डोळ्यांनी शिकार करणाऱ्याला ते अडचणीचे. तुकुनारेला खाणारे आणि त्याच्याशी स्पर्धा करणारेही तिथे भरपूर आहेत. शिवाय तिथले छोटे मासे पिढ्यान्‌पिढ्या या शत्रूबरोबर वाढले आहेत. धरणाच्या जलाशयात पाणी संथ आणि बऱ्यापैकी नितळ असते, पातळी फारशी हलत नाही, आणि भक्ष्य नवखे. म्हणजे आपण धरण बांधतो तेव्हा नकळत या माशाला हवी तशी जागा तयार करून देतो. बाकीचे मासे संपले तरी त्याची उपासमार होत नाही. तो कोळंबी, किडे आणि वेळप्रसंगी स्वतःच्याच जातीची पिल्ले खातो. भक्ष्य संपले की भक्षक संपेल आणि सारे पुन्हा जागेवर येईल, हा पाठ्यपुस्तकातला झोका इथे लागू पडत नाही.

ब्राझीलच्या दक्षिणेकडील पारानापानेमा नदीवर रोसाना नावाचे धरण आहे. तिथे पाणवनस्पतींच्या गर्दीत राहणाऱ्या छोट्या माशांचा पेलिसिसे आणि अगोस्तिन्यो हे शास्त्रज्ञ अभ्यास करत होते. तेवढ्यात तुकुनारेची दुसरी एक जात त्या जलाशयात आली; तिचे मूळ घर देशाच्या उत्तरेकडील तोकांतिन्स खोऱ्यात. दोन-तीन वर्षांत पाणवनस्पतींतील माशांची घनता सुमारे ९५ टक्क्यांनी आणि जातींची संख्या सुमारे ८० टक्क्यांनी घटली, असे त्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केले. 'परदेशी' मासा म्हणजे दुसऱ्या देशातला मासा, अशी समजूत असेल तर या उदाहरणाने ती सुटावी. एकाच देशातल्या दोन नद्या माशाला परक्या असू शकतात.

आता दुसरी बाजू. १९८४ साली अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या मत्स्यखात्याने तुकुनारे मुद्दाम सोडला. पॉल शाफलँड हे त्या कामाचे प्रमुख शास्त्रज्ञ. मायामी शहराभोवती सच्छिद्र चुनखडीत खोदलेले सरळ काठांचे कालवे आहेत. त्यांत पश्चिम आफ्रिकेतील ठिपकेदार तिलापिया मत्स्यालयांच्या व्यवसायातून सुटून बेसुमार माजली होती आणि गळाला लागेल असा मोठा मासा फारसा नव्हता. शाफलँड यांच्या प्रयोगशाळेने आधी या माशाची थंडी सोसण्याची क्षमता तपासली. पाण्याचे तापमान १५-१६ अंश सेल्सियसच्या खाली गेले की तो मरतो. म्हणजे उत्तरेकडे तो पसरू शकणार नाही. मायामीत मात्र भूजलामुळे कालव्यांना ऊब मिळते, तिथे तो टिकेल. १९८४ ते १९८७ या काळात सुमारे २०,००० बोटुकली सोडण्यात आली. एक जात टिकली, दुसरी टिकली नाही. तिलापिया काही प्रमाणात घटली, गळ टाकणाऱ्यांची रीघ लागली आणि स्थानिक माशांवर गंभीर परिणाम दिसला नाही, असा खात्याचा निष्कर्ष. जानेवारी २०१० च्या कडाक्याच्या थंडीत हे मासे मोठ्या संख्येने मेले, पण पुन्हा सावरले.

मग फ्लोरिडाचे लोक बरोबर आणि पनामाचे चूक असे म्हणायचे का? आमच्या मते हा प्रश्नच नीट विचारलेला नाही. मायामीचे कालवे माणसाने खोदलेले, आणि आधीच बाहेरच्या माशांनी भरलेले. तिथे गमावण्यासारखे फारसे उरलेच नव्हते. सोडण्यापूर्वी तापमानाची तपासणी झाली होती, हेही खात्याच्या बाजूने म्हटले पाहिजे. पण हिशेब मांडणारे आणि मासा सोडणारे एकच होते, हेही विसरता येत नाही. आणि एका ठिकाणचे यश दुसऱ्या ठिकाणी दाखला म्हणून वापरले जाते, ही खरी काळजीची बाब. गळाला लागणारा पाच किलोचा मासा फोटोत येतो. बोटभर लांबीचे सहा प्रकारचे मासे गेले, तर त्यांचा फोटो कुणाकडेच नसतो. आधी कुणी मोजले नसेल, तर ते होते हेच सिद्ध करता येत नाही.

या दृष्टीने महाराष्ट्राकडे पाहिले तर आपण अगदी कंगाल नाही. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३० च्या दशकात दख्खनच्या माशांवर एक प्रबंध लिहिला. कोळ्यांकडून ऐकलेली मराठी नावेच त्याने माशांच्या शास्त्रीय नावांत घातली. 'कोलस', 'मुल्या' ही त्यांपैकी काही. ती आजही जगभर चालतात. फ्रेझर यांनी १९४२ मध्ये पुण्याच्या माशांची यादी प्रसिद्ध केली. पुढे पुण्यातील अभ्यासकांनी मुळा-मुठेत पुन्हा जाळी टाकली, तेव्हा त्या जुन्या यादीशी ताडून पाहता आले. काही जुनी नावे गायब होती आणि काही परकी नावे नव्याने दाखल झाली होती. तिलापिया भारतात १९५२ साली आली. तिच्या आधी आपल्या गावच्या तळ्यात काय होते, हे मात्र बहुतेक ठिकाणी कुणी लिहून ठेवलेले नाही. गावातील सत्तरी ओलांडलेल्या कोळ्याला विद्यार्थ्यांनी विचारले, तर त्याच्या तोंडून दहा-बारा नावे सहज निघतील. ती वहीत उतरवायला एक दुपार पुरते.

तुकुनारे महाराष्ट्राच्या पाण्यात आहे असे आम्ही म्हणत नाही. पण ऑगस्ट २०१८ च्या महापुरानंतर केरळच्या नद्यांत ॲमेझॉनचा अरापायमा हा अजस्र मासा जाळ्यात सापडला. तोही कुणाच्या तरी तळ्यातून किंवा टाकीतून निसटलेला. खाजगी तळे आणि जोराचा पाऊस, एवढेच साहित्य चाग्रेसच्या खोऱ्यातही पुरले होते.

गातूनची पुढची हकिगत सांगून थांबू. तुकुनारे तलावात आल्यानंतर सुमारे ४५ वर्षांनी शार्प आणि सहकाऱ्यांनी झॅरेट आणि पेन यांच्याच जागी, त्यांच्याच पद्धतीने पुन्हा जाळे ओढले. शेजारच्या बायानो तलावात तुकुनारे नव्हता, म्हणून तोही तुलनेसाठी घेतला. २०१७ साली 'इकॉलॉजी' या नियतकालिकात त्यांनी कळवले, की गातूनच्या काठावरील छोट्या माशांचा समाज सावरलेला नाही आणि तुकुनारे हाच तिथला सर्वांत विपुल भक्षक आहे. बायानोच्या काठी मासे अधिक होते, त्यांच्या जातीही अधिक होत्या. तरीही गातूनच्या त्या सहा जाती जगातून नष्ट झालेल्या नाहीत. मीक आणि हिल्डब्रँड यांच्या १९१६ च्या ग्रंथाशी ताडून पुढच्या संशोधकांनी कालव्याच्या दोन्ही बाजूंच्या नद्या तपासल्या, तेव्हा त्या नद्यांमधून एकही जात हरवलेली आढळली नाही. उलट कालव्यामुळे काही जाती एका बाजूच्या नदीतून दुसऱ्या बाजूला गेल्या होत्या. वाहत्या, उथळ ओढ्यांमध्ये छोट्या माशांना थारा मिळाला असावा.

जून २०१६ मध्ये पनामा कालव्याचे नवे, अधिक रुंद लॉक सुरू झाले. त्यानंतर समुद्रातील मासे गातूनमध्ये पूर्वीपेक्षा बऱ्याच मोठ्या संख्येने शिरू लागल्याची नोंद झाली आहे. त्यांत मोठे भक्षक मासेही आहेत. पन्नास वर्षे तलावावर राज्य करणाऱ्या सार्जेंतोला आता स्पर्धक मिळाले आहेत. त्या काठांवर जाळी ओढणे चालूच आहे.